जुनी शिलाई मशीन: ओळखायची कशी, चालती ठेवायची कशी?

पळसफूल
नमस्कार मंडळी. आमच्या घरी (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ) सासूबाईंच्या आंदणातली पायाची शिलाई मशीन आहे. काळी, सोनेरी नक्षीची, खांबावर पितळी बिल्ला आणि त्यावर सिंगरचं नाव. खाली बिडाचं जाळीदार स्टँड, वर सागवानी फळी. चाक जाम आहे, जरासं हलतं आणि अडतं.

सध्या आमच्या भागात मोटारसायकलवर जुन्या मशीन घेणारे फिरत आहेत. एकाने स्टँडचा वेगळा भाव सांगितला आणि वरचं हेड किलोवर घेतो म्हणाला. स्टँड हॉटेलवाल्यांना टेबलासाठी हवं असतं, हेड थेट भंगारात. मला हे पटत नाही. जी मशीन चालू शकते ती चालवली पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. पोळ्याच्या आधी बैलांच्या झुली मला तिच्यावरच शिवायच्या आहेत.

ती किती जुनी हे कसं कळेल? मॉडेल कसं ओळखायचं? आणि चाक सोडवायला काय करू? तालुक्याच्या गावी दुरुस्ती करणारे होते, त्यांनी दुकान बंद केलं.

काळी_माती
विकू नका. बाकी जाणकार सांगतीलच.

जुनी_बाबीन
ताई, आधी नंबर शोधा. मशीनच्या बैठकीवर उजव्या अंगाला, खांबाच्या बुडाशी एक छोटा चपटा उंचवटा असतो, त्यावर नंबर ठोकलेला असतो. वर्षानुवर्षांच्या तेलाखाली तो दडलेला असतो, म्हणून मशीनच्याच तेलात बुडवलेल्या मऊ फडक्याने हळूहळू पुसा. खरवडू नका.

सिंगरच्या नंबरात नुसते आकडे असतील तर मशीन साधारण 1900 च्या आधीची. आकड्यांच्या आधी अक्षर असेल तर नंतरची. ‘वाय’ असेल तर स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातली, 1920 च्या दशकाच्या सुरुवातीपासून 1935 पर्यंतची. ‘ई’ आणि त्याला जोडून दुसरं अक्षर (ईए, ईई, ईजी असं) असेल तर तीही क्लाइडबँकचीच, पण 1935 पासून पुढची. नुसता ‘जी’ असेल तर अमेरिकेतल्या न्यू जर्सीची. एक ध्यानात ठेवा: कारखान्यात नंबरांचे गठ्ठे आधी वाटून दिले जात आणि मशीन नंतर तयार होत. त्यामुळे वर्षात थोडा मागेपुढे फरक पडतो.

अमरावती, अचलपूर, मूर्तिजापूर या पट्ट्यात माझ्या हाताखालून गेलेल्या बहुतेक सिंगर क्लाइडबँकच्याच होत्या. तो कारखाना 1885 मध्ये सुरू झाला आणि 1980 मध्ये बंद पडला. एकट्या 1913 सालात तिथून 13 लाखांच्या आसपास मशीन बाहेर पडल्या. म्हणून ‘जुनी आहे म्हणजे दुर्मिळ आहे’ असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तिची किंमत ती अजून टीप मारते यात आहे.

मॉडेलसाठी सुईजवळची सरकती पाटी उघडा. खाली लांबट, टोकाला निमुळतं शटल पुढे-मागे झुलत असेल तर ती 27 किंवा 28 च्या घराण्यातली. गोल बाबीन डबीत घालून डावीकडून बसवायची असेल तर 15. गोल बाबीन वरून नुसती खाली सोडायची असेल तर 66 किंवा 99. मॉडेलच्या आकड्यानंतर लिहितात तो ‘के’ म्हणजे किलबोवी, क्लाइडबँकच्या कारखान्याची जागा. पाटी उघडून फोटो टाका, लगेच सांगतो.

सातपुड्याकडचा
मंडळी, एक इचारतो. आमच्या धारणीकडं सांगून रायले का जुन्या सिंगरमंधी लाल पारा असते, मोबाइल जवळ नेला का रेंज जाते, अन् अशा मशीनचे लाखो रुपये भेटतेत. एका घरी तर लोकं पाहाले येऊन गेले. ह्याच्यात काई खरं हाये का?

अभियंता
काहीही खरं नाही भाऊ. हीच अफवा 2009 मध्ये सौदी अरेबियात पसरली होती. तिथे साध्या वापरलेल्या सिंगर मशीन हजारो रियालना विकल्या गेल्या आणि शेवटी पोलिसांनाच सांगावं लागलं की ही फसवणूक आहे. मशीनमध्ये बीड, पोलाद, थोडं पितळ आणि निकेलचा मुलामा असतो. पारा लागेल असा एकही भाग त्यात नाही. मोबाइलची रेंज धारणीत मशीनविनाही जाते. :)

यातला खरा धोका वेगळा आहे. ‘तपासणीची फी’ म्हणून आधी पैसे मागतात आणि माणूस गायब होतो. गावात सगळ्यांना स्पष्ट सांगा.

सातपुड्याकडचा
आभारी हाये. ग्रुपवर टाकतो आत्ताच.

टीपवाले_काका
ताई, चाक जाम म्हंजे मशीन मेली असं नाई. शंभरातल्या नव्वद मशीन नुसत्या वाळलेल्या तेलानं अडते. मी हिंगणघाटले उभी हयात मशीनवरच काढली, म्हून सांगतो. जोर लावू नका, हातोडी तर जवळ ठेवूच नका.

पयले पट्टा काढा. पाटी सरकवून शटल काढा, खालचा सारा कापूस-दोरा चिमट्यानं ओढा. मंग डाव्या तोंडावरची पाटी खोला. तिथं सुईचा दांडा वर-खाली होते, सगळ्यात जास्त चिकटा तिथंच अशीन. चाकाच्या मधात गोल स्क्रू रायते, त्याच्यात बारका स्क्रू. बारका ढिला करा, मोठा खोला. आत तीन कानाची वॉशर निघीन. निघाली तशी तिचा फोटो काढून ठेवा. उलटी बसली तं चाक नुसतं फिरते, सुई हालत नाई, अन् मानूस म्हनते मशीन बिघडली. तिले फक्त अर्ध्या फेऱ्यानं फिरवून बसवा लागते. चाक आतल्या दांड्यावरच चिकटून बसलं अशीन तं तिथंबी तेल सोडा.

आता सध्या नवतपा हाये. मशीन दुपारी अंगनात ऊनात ठेवा, काळं बीड लवकर तापते. तापली का प्रत्येक भोकात अन् जिथं लोखंड लोखंडाले घासते तिथं केरोसीन सोडा थेंब थेंब. जरा वेळ राहू द्या. मंग चाक आपल्याकडं, मंग तिकडं, बोटभर बोटभर हालवा. सुटते. सुटल्यावर केरोसीन पुसून मशीनचं पांढरं तेल द्या. केरोसीन धुते, पन वंगन देत नाई. तसंच ठेवलं तं लोखंडाले लोखंड खाते.

तुरीच्या_ओळी
आता केरोसीन कुठे मिळतं काका? रेशनवरचं बंद झालं. आमच्याकडे सगळे खोबरेल घालतात.

टीपवाले_काका
बाप्पा, खोबरेल घालूच नका! तेच तं वाळून चिकट होते. थंडीत गोठते ते येगळंच. सरकीचं नाई, जवसाचं नाई, गाडीचं इंजिन ऑइल नाई. जवसाचं तेल तं वाळून रंगावानीच घट्ट होते. केरोसीन नसलं तं मशीनचंच तेल भरपूर द्या, रातभर ठेवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा द्या. टाइम लागते, पन सुटते.

अभियंता
काकांचं शंभर टक्के बरोबर. खाण्याची तेलं हवेत हळूहळू घट्ट होत जातात, खनिज तेल होत नाही. गंज सोडवणारे स्प्रे मिळतात ते सुटेपर्यंत ठीक, पण तेही वंगण नव्हेत.

त्यात माझी एक भर: सोनेरी नक्षीवर स्पिरिट, सॅनिटायझर, थिनर यातलं काही लावू नका. नक्षीवर वार्निशचा जुना थर असतो, स्पिरिटने तो क्षणात पांढुरका होऊन निघतो. साबणाच्या पाण्यानेही सोनेरी रंग उडून खालचा चंदेरी दिसायला लागतो. केरोसीनसुद्धा आतल्या लोखंडासाठी, नक्षीवर त्याचे थेंब उडू देऊ नका. वरून फक्त मशीनचं तेल आणि जुन्या सुती धोतराचा तुकडा.

रंगारी_नागपूर
मी थोडा वेगळा विचार मांडतो. नक्षी अर्धी गेलेलीच असेल तर मशीन उघडून, घासून, नवा काळा रंग मारून घेण्यात गैर काय? गंज थांबतो, घरात शोभून दिसते. मी ऑटो पेंट मारलेल्या मशीन लोकांना फार आवडल्या.

जुनी_बाबीन
रंग पूर्ण गेला असेल, लोखंड उघडं पडलं असेल तर मारा. थोडी जरी नक्षी शिल्लक असेल तर कृपा करून मारू नका. नक्षीवरून मशीन ओळखता येते. कमळाची लाल-सोनेरी नक्षी, इजिप्तची नक्षी, वेलबुट्टी, प्रत्येकीचा काळ आणि मॉडेल यांच्याशी संबंध आहे. एकदा घासली की ती माहिती कायमची गेली. शिवाय रंग तेलाच्या भोकांत जातो आणि दांड्यांच्या सांध्यांत बसतो. माझ्याकडे अशी एक रंगवलेली आली होती, तिची तेलाची भोकं सुईने एकेक करून मोकळी करावी लागली.

रंगारी_नागपूर
तेलाच्या भोकांचा मुद्दा मान्य, मी काड्या घालून बुजवतो आणि मग रंगवतो. बाकी आवड ज्याची त्याची.

वर्धाकाठ
थोडं विषयांतर करतो. सेवाग्राम आमच्यापासून जवळ, म्हणून हा विषय निघाला की मला आठवतंच. गांधीजी यंत्रांच्या विरोधात होते असं सरसकट बोललं जातं. 1924 मध्ये ‘यंग इंडिया’त त्यांनी यंत्राबद्दल सविस्तर मांडलं तेव्हा अपवाद म्हणून नाव घेतलं ते सिंगरच्या शिलाई मशीनचंच. जी थोडी उपयोगी यंत्रं निघाली त्यांतलं ते एक, असं त्यांचं म्हणणं होतं. बायकोचे हातशिलाईचे कष्ट पाहून सिंगरने ते बनवलं, असंही त्यांनी लिहिलं होतं.

अभियंता
गांधीजींचं मत बरोबर सांगितलंत. पण यंत्राचा इतिहास जरा वेगळा आहे. दुहेरी दोऱ्याच्या टाक्याचं पेटंट एलायस होवेने 1846 मध्ये घेतलं होतं. आयझॅक मेरिट सिंगरचं पेटंट 1851 चं. होवेने पेटंटवरून खटला भरला आणि सिंगरला त्याला पैसे द्यावे लागले. सिंगरचं मोठं काम म्हणजे मशीन दणकट केली आणि त्याच्या कंपनीने ती हप्त्यावर विकली. आपल्या देशातही तिचा धंदा नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी असाच वाढवला. एकरकमी पैसे नसलेल्या शिंप्याच्या घरी मशीन पोचली ती हप्त्यांमुळे.

तुरीच्या_ओळी
हप्त्याची गोष्ट आमच्या घरचीच. आईने उषा मशीन हप्त्यावर घेतली होती. कापूस आला की दोन हप्ते एकदम द्यायचे असं दुकानदाराशी ठरलेलं. ज्या साली बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या साली शाळेचे गणवेश शिवून आईने घर चालवलं. दिवाळीआधी रात्रभर मशीनचा आवाज यायचा आणि आम्ही त्या आवाजात झोपायचो. म्हणून कोणी हेड किलोवर मागितलं की माझं डोकं फिरतं.

उषाची माहिती कोणी देईल का? ती सिंगरची नक्कल असं एक जण म्हणाला, ते मला झोंबलं.

जुनी_बाबीन
झोंबून घेऊ नका, उषा अभिमानाने सांगावी अशी मशीन आहे. 1930 च्या दशकात कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्समध्ये ती सुरू झाली आणि देशात बनलेल्या मशीन घराघरांत गेल्या त्या तिच्यामुळे. रचना सिंगरच्या 15 नंबरच्या घराण्यातली आहे हे खरं, पण जपाननेही तीच रचना घेऊन लाखो मशीन बनवल्या. त्याचा फायदा आज आपल्याला होतो. 15 ची बाबीन, डबी, सुई, सगळं तालुक्याच्या बाजारात मिळतं, कारण लुधियानात अजून तोच माल बनतो. नव्याने गोळा करायला सुरुवात करणाऱ्याला मी सांगेन, पहिली मशीन 15 किंवा जुनी उषा घ्या.

पळसफूल
नंबर सापडला! पुढे ‘वाय’ आहे. पाटीखाली लांबट शटल आहे, आतली बाबीनही लांब आणि बारीक, दोन्ही टोकांना चकती असलेली. नक्षीत पंखवाला सिंह आहे, त्याचं तोंड बाईचं. बाबीन भरायचं चाकही आहे, ते वरच्या बाजूला, मोठ्या चाकाच्या माथ्याजवळ. आणि सांगायला फार आनंद होतो, काकांनी सांगितलं तसं उन्हात ठेवून तेल दिलं आणि चाक सुटलं. पूर्ण फेरी फिरतंय. सासूबाई स्वतः येऊन फिरवून गेल्या.

टीपवाले_काका
वा! माय माउलीनं चाक फिरवलं म्हंजे मशीन चालू झाली समजा.

जुनी_बाबीन
अभिनंदन ताई. नक्षी स्फिंक्सची आहे, इजिप्तची. बाबीन भरायचं चाक वर आहे म्हणजे ही 127. त्याआधीच्या 27 मध्ये ते खाली, बैठकीजवळ असतं. 127 मध्ये कळ दाबली की शटल वर उचललं जातं अशी सोयही आहे. म्हणजे तुमची मशीन क्लाइडबँकची, 1920 च्या दशकाची सुरुवात ते 1935 यामधली. सासूबाईंच्या आंदणात आली तेव्हाही ती नवी नसावी, त्यांना विचारून पाहा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण इथेच लोक वैतागून मशीन सोडून देतात. सुई बाजारात मिळते तीच, घरगुती मशीनची, एका बाजूने चपटी. पण लावायची दिशा उषाच्या उलट! उषात आणि 15 मध्ये सुईची चपटी बाजू डावीकडे असते आणि दोरा उजवीकडून डावीकडे ओवतात. तुमच्या 127 मध्ये चपटी बाजू उजवीकडे, म्हणजे चाकाकडे, आणि दोरा डावीकडून उजवीकडे. कारण शटल सुईच्या उजव्या बाजूने जाऊन दोऱ्याचा फास पकडतं. सुई उलटी बसली तर एकही टाका बसणार नाही आणि मशीनमध्ये दोष नसताना दोष दिसेल.

दुसरं, या मशीनला उलटी टीप नाही. शिलाई पक्की करायची तर शेवटी फूट उचला, कापड फिरवा आणि चार टाके परत मारा.

काळी_माती
सुईची दिशा! आमच्या घरच्या मशीनला ‘टाका धरत नाही’ म्हणून दुरुस्तीला दिली होती. तिथे लांब शटल बदलून भलतंच घातलं, टाका तरीही नीट नाही आणि मूळ शटल परत मिळालं नाही. आता कळतंय की सुईच उलटी असणार. ही माहिती कोणीतरी वर चिकटवून ठेवा.

जुनी_बाबीन
सर्वांनी हे लक्षात घ्या: दुरुस्तीला देताना शटल घरी काढून ठेवा किंवा काढलेला भाग परत द्यायचा असं आधीच ठरवा. जुनं शटल वापरून गुळगुळीत झालेलं असतं, नवं तसं मिळायला वेळ लागतो. त्याच्या टोकाला खरचटलं असेल तर अगदी बारीक पॉलिश पेपरने फिरवा, टोक बोथट करू नका.

विणकर_उमरेड
झुलीबद्दल कोणी बोललंच नाही! ताई, मखमल आणि खाली जाड मांजरपाट असेल तर 18 नंबरची सुई घ्या, नुसती मखमल असेल तर 16 पुरते. टाका लांब ठेवा. गोट्याची किनार लावताना मखमल सरकते, म्हणून आधी हाताने धावदोरा घालून घ्या. घुंगरांच्या पट्ट्या मशीनवर शिवू नका, त्या हातानेच. सुई घुंगरावर आपटली तर सुई तुटते आणि शटलही खराब होतं. आमच्याकडे तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदीच्याही झुली शिवतात, त्याला मात्र 14 ची सुई बास.

पळसफूल
सुईचे नंबर लिहून घेतले. अजून एक अडचण: पाय मारला की खालून ठक-ठक आवाज येतो. आणि पट्टा तुटका आहे.

टीपवाले_काका
पायडलपासून मोठ्या चाकाकडं जो उभा दांडा जाते, त्याचा वरचा सांधा ढिला झाला अशीन. नट अलगद आवळा, आवाज थांबेलोक. जास्त आवळला तं पाय जड जाते. पायडलच्या दोन्ही टोकांच्या टोकदार स्क्रूतबी तेल द्या, तिथं कोनीच देत नाई.

पट्टा चामड्याचाच घ्या, गोल, जाडी 3/16 इंच. सहा फूट लागते, थोडा जास्तच आना अन् मशीनवर मापून कापा. टोकाले सुतारी नाईतं तापवलेल्या खिळ्यानं भोक पाडा, तारेची पिन घालून चिमट्यानं दाबा. पट्टा लय ताठ ठेवू नका. अन् पाय मारतानी चाकाचा माथा आपल्याकडंच आला पाहिजे. तिकडं फिरलं का दोरा गुतते. आधी दोरा न घालता, फूट उचलून नुसता पाय मारायचा सराव करा. सासूबाईले बसवा, त्यायचा पाय इसरला नसन.

घाटाखालची
मोटर बसवली तर? पाठ दुखते माझी पायडलने.

अभियंता
बसवता येते. पण 127 सारख्या मशीनला हलकी मोटर, हळू वेग. आणि मूळ स्टँड, पट्टा, फळी विकू नका, परत लावता आलं पाहिजे. उंची तपासा आधी. बरेचदा स्टुलाच्या उंचीमुळे पाठ दुखते. मांडी जमिनीला समांतर राहील असं स्टूल घ्या.

तुरीच्या_ओळी
इथलं वाचून बचत गटात विषय काढला. आमच्या गटात पाच जणींकडे अशा बंद मशीन पडल्या आहेत. काका, एखाद्या दिवशी हिंगणघाटहून आमच्याकडे याल का? येण्या-जाण्याचं आणि जेवणाचं आमच्याकडे. मशीन सगळ्या एका ठिकाणी आणून ठेवतो.

टीपवाले_काका
येतो ना ताई. पेरन्या आटपू द्या. तोपर्यंत सगळ्यायले सांगा, खोबरेल बंद अन् नंबर लिहून ठेवा. मशीनचं तेल अन् 16 च्या सुया मी घेऊन येतो. लांब शटलच्या बाबीन कोनाकडं किती हायेत ते तेवढं मोजून कळवा, त्या शोधाले टाइम लागते.

जुनी_बाबीन
बाबीनसाठी जुन्या दुकानांत विचारताना ‘सिंगरची’ एवढंच म्हणू नका, लोक गोल बाबीन देतात. घरातली एक सोबत न्या आणि शेजारी धरून लांबी जुळवा. माझ्याकडे काही जादा आहेत. गटाला लागतील तेवढ्या काकांसोबत पाठवतो.

मोर्शीचा_संत्रावाला
उशिरा आलो. माझ्याकडे आजोबांची फाफ आहे, जर्मन. तिच्या बिल्ल्यावर कायझरस्लाउटर्न लिहिलंय. तिलाही हेच सगळं लागू का?

जुनी_बाबीन
तेल, ऊन, सफाई, पट्टा, सगळं हेच. सिंगरच्या नंबरांचा हिशेब मात्र तिला लावू नका. फाफ 1862 पासूनची स्वतंत्र कंपनी आहे, तिचे नंबर वेगळे, आणि सुई कोणत्या अंगाने लागते हेही मॉडेलवर आहे. नवा धागा काढा. तीन फोटो टाका: बिल्ला, नंबर, आणि पाटी उघडून आतलं शटल. सुई जुनीच लावलेली असेल तर काढण्याआधी तिची चपटी बाजू कुठे आहे ते नक्की पाहून ठेवा.